जरा गाल भर

धोंडिबामामांच्या स्टुडिओत माणूस कितीही हडकुळा शिरला तरी फोटोत तो खाऊनपिऊन सुखीच निघायचा.

स्टुडिओ शिरूरच्या एस.टी. स्टँडजवळ होता. मामांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, पण त्यातलं इंग्रजी वाचायला कोणी नव्हतं. म्हणून बारावीनंतर मी तिथं लागले. मला गिऱ्हाइकांशी बोलणं जमत नसे, मामांना माउस धरणं. ते माझ्या खुर्चीमागे उभं राहून बोट दाखवायचे, मी करायचे.

फोटोशॉपमध्ये चेहरा ताणायची, दाबायची, फुगवायची साधनं असतात. पुण्यातले लोक ती बारीक दिसण्यासाठी वापरतात, हे मी सांगून पाहिलं. मामांना फक्त फुगवणं पटलं. त्याला ते 'पोषण आहार' म्हणत.

"पोरी, जरा गाल भर."

"मामा, त्यांचे गाल असेच आहेत."

"आसंच हायेत म्हनून तर भर. फोटूत तरी मानूस उपाशी नको."

एकदा वरवंडचे पाहुणे आमच्या स्टुडिओतला फोटो घेऊन मुलगी बघायला गेले. मुलगी पोहे ठेवून समोर बसली तरी सगळे आतल्या दाराकडेच बघत राहिले. शेवटी मुलाच्या आत्याने विचारलं, "थोरलीला कवा बोलावताय?" दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापाने येऊन फोटो टेबलावर आपटला. मामा शांत. "लग्नानंतर भरत्यातच की गाल. आपुन फोटू आधी काढला, येवढंच."

यात्रेच्या बोर्डासाठी बैलाचा फोटो आला, तर त्यालाही पोषण आहार. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, शर्यतीचा बैल हाय ओ माझा! ह्यो तर गाभन दिसतोय!"

गाल मीच भरायचे, लोकांची बोलणी मीच खायची आणि भरलेले गाल मीच परत काढायचे. संध्याकाळी एस.टी.त बसले की समोरच्या माणसाचे गालही भरायचे राहिलेत असं वाटे, आणि मी डोळे मिटून घेई.

मग मामांनी घर बांधलं. वास्तुशांतीला पुढच्या खोलीत त्यांना त्यांच्या आईचा फोटो लावायचा होता. फोटो एकच. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर, पाहणीला आलेल्या कुणा साहेबाने काढलेला बायकांचा घोळका. आई अगदी कडेला. मी तिला घोळक्यातून वेगळं काढून मोठं केलं. गालांच्या जागी दोन खड्डे होते.

"भर," मामा म्हणाले.

या वेळी मी वाद घातला नाही. सावकाश एक गाल भरला, मग दुसरा. डोळ्यांखालची खोबण उचलली. बाई नातवंडांच्या गराड्यात बसलेली असावी तशी दिसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला माझं काम आवडलं.

मामांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"कोन गं ही?"

"तुमची आई, मामा."

"न्हाई. बाई चांगली हाय, पन वळखू येईना. मागं घे."

मी थोडं कमी केलं.

"आजून. आजून मागं."

खड्डे परत आले तसे मामा पुढे वाकले. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली.

"ही. आमाला वाढून झालं की रिकामं पातेलं पुसत आशीच बसायची. 'मी मगाशीच खाल्लं' म्हनायची." मग ते म्हणाले, "र्‍हाऊ दे आशीच. हिला काय करू नको."

फोटो तसाच छापायला दिला. तेवढ्यात ओळखपत्राच्या फोटोसाठी कॉलेजची एक काटकुळी मुलगी आली. मामांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, तिचा फोटो काढला आणि नेहमीसारखे माझ्या मागे येऊन उभे राहिले. बोट मात्र दाखवलं नाही.

मी माउस धरला आणि तिचे गाल भरायला घेतले.