काझी सरांचं बिऱ्हाड

भोकरदनच्या आठवडी बाजारात मासळीवाल्यांपुढं उभं राहून "आजारी मासा हाय का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे काझी सर. सगळी दुनिया ताजा मासा शोधते. हे पाटीतला सगळ्यात मरतुकडा रोहू उचलणार, कल्ले उघडून बघणार, पोट दाबणार, आणि अंगावर लाल चट्टा दिसला की सोयरीक जुळल्यासारखे खूश होणार. वर मोठ्यानं म्हणणार, "वाह, क्या जखम है!" तेवढ्यानं शेजारची दोन गिऱ्हाइकं पिशव्या आवळून पसार. सुभद्राबाई मासळीवालीनं एकदा पाटीतलं पाणी अंगावर मारून त्यांना हाकललं होतं. पुढच्या बाजाराला सर पुन्हा हजर.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. माझ्या वाचनालयात कोणी येत नाही आणि सरांच्या प्रयोगशाळेत वासामुळं कोणी जात नाही, तेव्हा आमची दोस्ती होणं भागच होतं. सर माशांच्या एका रोगाच्या जंतूवर संशोधन करायचे. तो जंतू लागला की माशाच्या अंगावर जखमा होतात, खवले गळतात, पोट फुगतं, आणि बघता बघता तळ्यातले मासे उलटे होऊन तरंगायला लागतात. असे हे गुणाचे पुतळे सरांनी काचेच्या नळ्यांत पाळले होते. पाळले म्हणजे अगदी कोंबड्या पाळाव्यात तसे. नळीतलं खाणं संपायच्या आत त्यांना नव्या नळीत हलवावं लागतं, नाहीतर मरतात. याला सर 'बिऱ्हाड हलवणं' म्हणायचे.

या बिऱ्हाडापायी माणसानं काय नाही केलं! जंतू ओळखायचे तर त्यांच्या खाण्यात रक्त कालवावं लागतं, म्हणून खाटकाकडून बकऱ्याचं रक्त स्टीलच्या डब्यात आणायचे. एकदा तो डबा स्टाफरूममध्ये राहिला आणि गणिताच्या पवार सरांनी रस्सा समजून झाकण उघडलं. तेव्हापासून पवार सर शाकाहारी आहेत. कोणाचं लग्न असो, मय्यत असो, पुण्याच्या मुलाकडची ईद असो, सरांचं उत्तर ठरलेलं: "यायचं तर बराबर होतं, पण बिऱ्हाड हलवायचंय." भाभी होत्या तोवर म्हणायच्या, सवत परवडली, ती निदान डोळ्यांना दिसते तरी. भाभी गेल्या, तेव्हा मुलगा सरांना पुण्याला घेऊन जायला आल्ता. सर गेले नाहीत. पोरगं रागारागानं एकटंच परत गेलं आणि त्याचे फोनही कमी झाले.

मी खूप बोललो त्यांना तेव्हा. माझं तोंड म्हणजे काही खडीसाखर नाही. पण सरांना अडकवलं होतं वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत झालेली.

केदारखेड्याकडं किसनराव भोई म्हणून मासेमारी करणारा माणूस. त्यानं तलावात मत्स्यबीज सोडलं, वर्षभर राखण केली आणि ऐन काढणीच्या तोंडावर सगळा माल मेला. आम्ही सरांच्या स्कूटरवर गेल्तो. काठावर नुसती घाण आणि माश्या. किसनराव गुडघ्यात डोकं घालून बसलेला. सरांनी मेलेला मासा बरणीत घातला, तेव्हा त्यानं मान वर करून विचारलं, "पुढच्या साली तरी वाचतील का, सर?" सर म्हणाले, "बिलकुल. जबान देतो."

जबान दिली आणि स्वतःचा घात करून घेतला.

त्या मेल्या माशातूनच सरांनी ते जंतू काढले, वाढवले, आणि पुढं त्याच जंतूंना मारून माशांच्या खाद्यात कालवायची लस बनवली. कॉलेजमागच्या सिमेंटच्या हौदात ती दिलेले रोहू जगले, न दिलेले मेले. हा पोक्त माणूस हौदाभोवती नाचला हो! मी हसलो, पण मलाही भरून आल्तं.

आता तलावात करून बघायचं तेवढं राहिलं होतं. तर तलाव आटला. पाणी आलं तेव्हा परवानगी नाही, परवानगी आली तेव्हा पुन्हा पाणी नाही. सरांच्या संशोधनाचे विद्यापीठातले मार्गदर्शक निवृत्त झाले. नवे आले ते म्हणाले, विषय जुना झालाय. कशात काय अन् फाटक्यात पाय! पुढच्या साली, पुढच्या साली करता करता सरांचंच निवृत्तीचं साल आलं. त्यांची जागा भरणार नव्हते. प्रयोगशाळेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचं ठरलं.

मग सर उपवर मुलीच्या बापासारखे गावोगाव फिरले. कोणीतरी हे जंतू सांभाळा म्हणून. कोणी चहा पाजला, कोणी तोही नाही. एका हुशार पोरानं विचारलं, हे स्पर्धा परीक्षेला येतं का?

रोगाचे जिवंत जंतू बेवारस सोडता येत नाहीत. वाफेनं मारावे लागतात. कॉलेजचं यंत्र कधीचंच बंद, म्हणून आमच्याकडं हे काम घरगुती कुकरात चालतं. शेवटच्या दिवशी दुपारी सरांनी मला बोलावलं. सगळ्या नळ्या कुकरात उभ्या करून ठेवल्या होत्या. झाकण मात्र हातातच.

मी नेहमीच्या खोडीनं विचारलं, किती शिट्ट्या? सर हसले नाहीत. त्यांनी झाकण लावलं, गॅस पेटवला आणि स्टुलावर बसले.

"रोग मरत न्हाई याच्यानं, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तळ्यात हायच तो. फक्त त्याला ओळखणारं आता कोणी न्हाई."

तुम्ही होतं तेवढं केलं, असं काहीतरी पुटपुटलो.

"काल केदारखेड्याला गेल्तो. किसनरावाची माफी मागायला." ते कुकरकडंच बघत होते. "घराला कुलूप. शेजारी म्हणले, गाव सोडून बरीच वर्षं झाली. संभाजीनगरला वॉचमन हाय म्हणे कुठं तरी. मी इकडं त्याच्यासाठी करून राह्यलो, अन् तो कवाच निघून गेल्ता."

कुकरची शिट्टी झाली. सर दचकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही तिथं होते त्या दिवशी. त्याच्या वतीनं तुम्हीच म्हणा ना, माफ केलं म्हणून. कोणीतरी म्हणलं पाहिजे."

माझ्या या जिभेनं आजवर प्राचार्यांनाही सोडलं नाही. पण ते दोन शब्द निघता निघेनात. शेवटी खाली बघून मी म्हणालो, "माफ केलं, सर."

त्यांनी मान हलवली. गॅस बंद केला, आणि कुकर गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.