हॉलचा रक्तदाब

सुरंगवाडीच्या सरकारी दवाखान्यातल्या हॉलला रक्तदाब आहे, हे जयवंत करगुटकरने दारातूनच सांगितलं आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतलं.

"धडधडतोय तो. आजारी माणसाच्या आत मी बसत नाही," जयवंत म्हणाला.

माणिकताईंनी कपाळाला हात लावला. त्यांचा हा भाऊ चाळिशीचा, काजूच्या कारखान्यात गर निवडायला जातो. तो ऑटिस्टिक आहे. गोंगाट, उग्र वास, लुकलुकता उजेड त्याला सोसत नाही. वडिलांची साखर कुणी वेळेवर तपासली नाही, त्यात त्यांची दृष्टी गेली आणि मग ते स्वतः गेले. आता जयवंतही घटाघटा पाणी पीत होता. ताई त्याला पुन्हा पुन्हा तपासायला आणायच्या, पण दरवेळी स्वारी याच दारातून माघारी फिरायची.

"अरे, हॉल आहे तो!" ताई म्हणाल्या.

"थांबा, त्यांना सांगू दे," डॉक्टर शाल्मली परुळेकर म्हणाल्या आणि यंत्र घेऊन आल्या.

रांगेतले लोक कुरकुरले. "आमचा नंबर आधी होता."

"हॉल तुमच्याही आधीपासून इथे आहे," डॉक्टर म्हणाल्या. रांग एक पाऊल मागे सरकली.

खांबाला पट्टा पुरेना, म्हणून तो खिडकीच्या गजाला बांधला. वरचा आकडा एकशे नव्वद आला. डॉक्टरांनी रीतसर चौकशी सुरू केली.

"झोप?"

"ट्यूब रात्रंदिवस फडफडते," जयवंत म्हणाला.

"मीठ?"

सगळ्यांनी भिंतींकडे पाहिलं. खाऱ्या हवेने त्यांना लोणा धरला होता.

"म्हणजे जास्तच. आणखी काही त्रास?"

जयवंतने गावकरमामांकडे बोट केलं. मामा इथले शिपाई. पेशंटचं नाव, वाडी आणि दुखणं तिन्ही एका दमात ओरडायचं, ही त्यांची जुनी पद्धत. कुणाची मूळव्याध कुठल्या वाडीत आहे, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक असायचं.

मामा दुखावले. "इतकी वर्षं मी इथे आहे. मला कधी बोलला नाही हो तो."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मामा गप्प झाले आणि काटा तिथल्या तिथे खाली सरकला. पुरावाच मिळाला म्हणायचा.

औषधोपचार लगेच सुरू झाले. ट्यूब विझवली, खिडक्या उघडल्या, कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल पाजलं, फिनेलची बाटली बाहेर काढली. गर्दी अंगणातल्या फणसाखाली बसली. तिला तिथे वाराही बरा लागला. जे काही करायचं ते हॉलला आधी सांगायचं, मगच हात लावायचा, असंही ठरलं.

"पण त्याच्याजवळ एक माणूस लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"मी बसतो," जयवंत म्हणाला.

आणि तो आत गेला! माणिकताईंनी पदर तोंडाशी धरला.

बराच वेळ तो भिंतीला पाठ टेकून बसला. मग म्हणाला, "याला सुईची भीती वाटतेय. कशी असते ते त्याला दिसू दे. आधी माझं रक्त घ्या."

डॉक्टरांनी क्रम सांगितला. आधी थंड कापूस, मग एक टोचणी, मग थेंब. त्याने बोट पुढे केलं, छताकडे पाहत म्हणाला, "बघ हं." टोचून झालं. हॉल हलला नाही.

साखर वाढलेली निघाली. "पण वेळेत सापडली," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्या आणि पथ्य सांभाळलंत तर नीट आटोक्यात राहील."

ताई रडल्या. आनंदाने माणूस असा हमसून रडतो, हे फणसाखालच्या मंडळींनी प्रथमच पाहिलं.

मग बातमी पसरली. कुठल्याशा वाडीचा कधीच दवाखान्यात न आलेला गवंडी आला. कान झाकून हिंडणारी एक शिक्षिका आली. ज्याला गरज असेल तो आळीपाळीने हॉलसोबत बसायचा आणि जाता जाता स्वतःला तपासून घ्यायचा. मामा नुसते जवळ येऊन हलकेच म्हणायचे, "चला."

जयवंतची पुन्हा तपासणी झाली, त्या दिवशी हॉलचीही होती. दोघांचे आकडे जिथे हवेत तिथे आले. मामांना राहवेना. त्यांनी जयवंतला विचारलं, "एकदाच ओरडू का रे?"

जयवंतने विचार केला. हॉलला विचारलं. मग बाहेर येऊन त्याचं दार लावून घेतलं, स्वतःच्या दोन्ही कानांवर हात ठेवले आणि होकाराची मान हलवली.

मामा फणसाखाली गेले आणि छाती भरून ओरडले, "करगुटकर आणि हॉल, सुरंगवाडी, काऽऽही झालेलं नाही!"