कसरियाचे पंतप्रधान आणि ऐनवेळचा विषय

राजा असला की पंतप्रधान लागतोच. कारण राजाची चूक होत नाही, आणि चुका तर होतच राहतात. त्या कुणाच्या तरी नावावर चढवाव्या लागतात. राज्यशास्त्राचं हे मूळ तत्त्व नानासोंना साठी उलटल्यावर उमगलं, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर.

नानासो एका सहकारी पाणीउपसा संस्थेचे उपाध्यक्ष. (संस्थेचं नाव सांगत नाही. तुमच्या तालुक्यात जी आहे, तीच धरा.) अध्यक्ष धैर्यशीलदादा. त्यांच्या आधी त्यांचे वडील अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सध्या पाचगणीच्या शाळेत सहावीत शिकत आहेत. नानासो कडेगावच्या पूर्वेकडच्या, कुसळांच्या मुलखातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्या बाजूच्या माणसालाही मान मिळतो, हे लोकांना दिसावं म्हणून त्यांना खुर्ची मिळाली. खुर्ची गादीची होती. तिच्यापुढं टेबल नव्हतं, पण उपाध्यक्षाला टेबल लागतं कशाला?

त्यांचा मुलगा साईराज कसरिया नावाच्या अरबी राज्यात सरकारी कचेऱ्यांचे एसी दुरुस्त करतो. (कसरिया नकाशात शोधू नये. नानासोंचं गावही नकाशात सापडत नाही, तरी तिथं माणसं राहतात.) एके दिवशी साईराजनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोन केला, ‘‘आप्पा, हितला पंतप्रधान म्हंजी डिट्टो तुमीच की वो!’’ आणि त्या दिवसापासून हिकमत अल-दरवानी या थोर मुत्सद्द्याचं चरित्र नानासोंच्या ओसरीवर हप्त्याहप्त्यानं येऊ लागलं.

हिकमतसाहेब उंट राखणाऱ्या टोळीतले. वाळवंटातल्या लोकांचाही राज्यात वाटा आहे हे दिसावं, म्हणून राजानं त्यांना आधी खजुरांच्या गोदामाचं मंत्रिपद दिलं. तिथं त्यांनी एकही खजूर स्वतः खाल्ला नाही. अशा माणसाकडून इतरांना धोका नसतो, हे पाहून त्यांना पंतप्रधान केलं. कामाची वाटणी सरळ होती. गोड बातमी राजानं सांगायची, कडू पंतप्रधानानं. रोटीचा भाव वाढला की हिकमतसाहेब टीव्हीवर येऊन कागद वाचत. मग लोक चौकात जमत. मग राजा सज्जात येई आणि लोकांपेक्षाही जास्त चिडे. पंतप्रधानाला काढून टाकी. लोक राजाचा जयजयकार करत घरी जात आणि वाढीव भावाची रोटी खाऊन झोपत.

असे ते पाच वेळा पंतप्रधान झाले. मधल्या काळात त्यांना एखाद्या थंड देशात राजदूत म्हणून पाठवत, म्हणजे डोकं आपोआप थंड राही. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याची प्रस्तावना राजानं लिहिली. प्रस्तावना आत्मचरित्रापेक्षा मोठी होती. विद्वानांच्या मते तोच भाग जास्त विश्वसनीय आहे.

नानासो हे ऐकत आणि आपले दिवस आठवत. पाणीपट्टी वाढली तेव्हा पत्रकावर सही त्यांची होती. पंपाच्या मोटारी जळाल्या तेव्हा नैतिक जबाबदारीही त्यांचीच होती. धैर्यशीलदादांनी तीन वेळा त्यांचा राजीनामा घेतला आणि तीन वेळा मोठ्या मनानं परत दिला.

मग पाचव्या खेपेला कसरियात आक्रीत घडलं. हिकमतसाहेब कागद घेऊन टीव्हीवर आले. कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, ‘‘ही भाववाढ माझी नाही. ज्याची आहे त्याला विचारा.’’ पुढच्याच क्षणी टीव्हीवर ससाण्यांचा माहितीपट लागला, तो दोन दिवस चालला. साईराजला पंतप्रधानांच्या कचेरीतला एसी काढून आणायचा हुकूम झाला. पुढं तो त्यांच्या घरच्या दुरुस्तीला गेला, तर पंतप्रधान अंगणात शेळीला पाला घालत होते. ‘‘चेहरा लय ताजा हुता, आप्पा,’’ साईराज म्हणाला.

नेमका त्याच आठवड्यात धैर्यशीलदादांचा फोन आला. ‘‘नाना, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. मी पाचगणीला निघालोय. वार्षिक सभेचं अध्यक्षस्थान यंदा तुमचं. तुमचा मान आहे तो. आणि हो, ऐनवेळच्या विषयात एक कागद ठेवलाय, तेवढा वाचा.’’

कागदात होतं : पूर्व शाखेचं पाणी तांत्रिक कारणास्तव खालच्या ऊसपट्ट्याकडं वळवणे. पूर्व शाखा म्हणजे नानासोंचं गाव आणि आसपासच्या सहा वाड्या-वस्त्या. तांत्रिक कारण म्हणजे दादांच्या मेहुण्यांचा ऊस.

नानासोंना दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी धोंडुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘‘आवं, त्या अरबाला जमलं, तुमाला का न्हाई जमायचं? त्येला तर राजा हुता. तुमाला निस्ता चेअरमन हाय.’’ या बाईला मी मनापासून मानतो. तिच्या जागी मी असतो, तर नवऱ्याला पाचगणीलाच धाडला असता.

आता आपल्याकडच्या वार्षिक सभेची पद्धत ज्यांना माहीत नाही (असा कुणी आपल्या भागात असेल असं वाटत नाही), त्यांच्यासाठी सांगतो. सचिव म्हणतो, ‘‘विषय क्रमांक एक,’’ आणि सभा म्हणते, ‘‘मंजूर!’’ विषय नंतर वाचतात, वेळ उरला तर. मांडवाच्या एका बाजूला व्यासपीठ असतं, दुसऱ्या बाजूला आचारी. सभासदांची तोंडं कुणीकडं असतात, हे वाऱ्यावर अवलंबून असतं. त्या दिवशी वारा आचाऱ्याकडून येत होता.

ऐनवेळचा विषय आला. नानासो उठले. त्यांनी कागद पालथा ठेवला.

‘‘मंडळी, ह्यो कागद मी वाचणार न्हाई. आपल्या पूर्वेकडचं पाणी तोडायचा ठराव हाय ह्यो. मला नामंजूर हाय.’’

‘‘मंजूर!’’ पहिला आवाज बिरदेवचा. बिरदेव नानासोंचा चुलतभाऊ, पूर्व शाखेच्या अगदी शेवटच्या टोकाला त्याची डाळिंबाची बाग. त्याच्यामागं सगळा मांडव गरजला, ‘‘मंजूर! मंजूर!’’

‘‘आरं गड्यांनो, ऐका तरी! पाणी जातंय तुमचं! डाळिंबं वाळतील!’’

‘‘मंजूर!’’ आता टाळ्याही पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. पंगती धरल्या गेल्या. सचिवानं शांतपणे लिहिलं : उपाध्यक्षांनी तळमळीनं मांडलेला ठराव एकमतानं मंजूर. नानासो माईक धरून उभे होते, तो बंद झाला तरी उभेच होते. त्यांना त्या क्षणी रडू आलं, आणि ते बघायला समोर कुणी उरलं नव्हतं.

महिन्याभरात पूर्वेकडच्या पाण्याच्या चाऱ्या कोरड्या पडल्या. नानासोंच्या घरावर मोर्चा आला. पुढं बिरदेव. ‘‘सभंत तुमीच उभं ऱ्हायला हुता नव्हं? मंग आता तोंड का लपिवताय?’’ तेवढ्यात धैर्यशीलदादा पाचगणीहून थेट मोर्चात येऊन दाखल झाले. ते मोर्चापेक्षाही जास्त चिडले होते. राजीनामा जागेवर घेतला, या वेळी परत न देण्यासाठी. दादांचा जयजयकार झाला. पाणी ऊसपट्ट्याकडंच राहिलं.

संध्याकाळी नानासोंनी साईराजला सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, ‘‘आप्पा, हितं लोकांना कुणी इचारतच न्हाई, म्हणून असलं चालतं.’’

‘‘व्हय रं,’’ नानासो म्हणाले. ‘‘आमच्यात इचारत्यात.’’

तुम्ही हसलात, बरं झालं. बिरदेवच्या बागेचं वाईटही वाटलं असेल. आता तुमच्या बँकेची, सोसायटीची, शाळेच्या पालकांची गेल्या वर्षीची सभा आठवा. शेवटचा विषय कोणता होता, ज्याला तुम्ही हात वर केलात? नाही ना आठवत? असू द्या. जेवणात गोड काय होतं, तेवढं सांगा.