डिझेलवरची शेवटची फेरी

शवपेटी हौद्यात चढवून झाली, मागचं फळकूट लावून झालं, खांदेकऱ्यांनी हातमोजे पुन्हा चढवले, आणि व्हर्लिनकाकांनी पेटीतल्या आपल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे ऑर्लिनच्या, जुन्या डिझेल पिकअपची किल्ली फिरवली. पिकअप एकदा कण्हली. दुसऱ्यांदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा तिने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

चर्चच्या अंगणात अख्खं गाव उभं होतं. उत्तर डाकोटातला जानेवारी. पारा शून्याच्या खाली पंचवीसवर. अशा थंडीत माणसं दुःखसुद्धा जरा घाईने करतात. सगळ्यांच्या तोंडून वाफा निघत होत्या आणि सगळे ऑर्लिनच्या मुलीकडे, कार्नाकडे, बघत होते.

"प्लग लावला होता ना गं?" काकांनी काच खाली करून विचारलं.

"सकाळी आल्या आल्या मी स्वतः लावला."

त्या मुलखात हिवाळाभर डिझेल गाडी उभी केली, की तिच्या जाळीतून लोंबणारी तार भिंतीवरच्या प्लगला जोडायची असते. त्याने इंजिनाला आतून ऊब राहते. नाहीतर तेलाचं डांबर होतं आणि गाडीचा दगड. कार्ना पिकअपच्या पुढच्या बाजूला गेली. तार बर्फावर पडलेली होती. नुसती पडलेली नव्हती. कुणीतरी तिची छान गुंडाळी करून, वर दोरा बांधून ठेवली होती. भिंतीवरच्या प्लगमधून दुसरीच एक पिवळी वायर निघून तळघरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली होती.

इतकी व्यवस्थित गुंडाळी गावात एकच बाई करायची.

"मी काढली," त्या खिडकीतून डोकं काढून आर्लिस मावशी म्हणाली. चर्चच्या तळघरात जेवण असलं की तिचं राज्य असे. "माझ्या हॅमच्या भांड्याला प्लग पुरेना. मला वाटलं, ही तुझ्या त्या विजेच्या गाडीची तार. म्हटलं, तिची गाडी थोडी उपाशी राहिली तर काय होतंय!"

"मावशी, माझ्या गाडीला तार नसतेच."

"नसते कशी? तुझ्या बापानेच सांगितलंय ना सगळ्या गावाला!"

ते खरं होतं. कार्नाने पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड पिकअप घेतली त्या दिवसापासून ऑर्लिन कॅफेत बसून सांगत असे, की पोरगी रात्री उठून ट्रकला वीज पाजते. "तार लावावी लागते तो ट्रक नव्हे, टोस्टर!" असं तो म्हणे, आणि म्हणून झालं की घरी येऊन स्वतःच्या डिझेलला तार लावे. हायब्रिडची बॅटरी गाडी चालता चालता, ब्रेक मारता मारता आपली आपण भरते, तिला कुठे काही जोडावं लागत नाही, हे कार्नाने त्याला पुष्कळदा समजावलं होतं. तो नीट ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोस्टरवर यायचा. त्या टोस्टरने आज त्याचाच घात केला होता.

"ते राहू दे," काका म्हणाले. "आधी ही गरम करू." आणि कुणाला काही न विचारता त्यांनी पिवळ्या वायरीच्या शेजारच्या भोकात डिझेलची तार खुपसली.

आत हॅम शिजत होतं, कॉफीची दोन मोठी भांडी उकळत होती, बटाट्यांच्या परातीखाली शेगडी होती. चर्चची वायरिंग त्या सगळ्यांच्या आज्यापणज्यांच्या काळातली. भिंतीतून फट्‌ असा आवाज आला, प्लगमधून काळा धूर निघाला आणि तळघरातून आर्लिस मावशीचा आवाज आला, "आता काय केलंत रे!"

तळघरात अंधार झाला. हॅम निवायला लागलं. डिझेल निवलेलीच होती.

अंत्यविधी करणारे ब्रून्स नावाचे गृहस्थ काळ्या ओव्हरकोटात एका बाजूला उभे होते. ते पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कार्ना, दफनभूमीवरून फोन येतोय. दोन दिवस ज्योत लावून जमीन वितळवली, खड्डा तयार आहे. उन्हं उतरली की माती परत गोठेल. माझी गाडी उभी आहे. पेटी उतरवून तिच्यात ठेवू."

"नाही."

"मग तुझ्या पिकअपमध्ये ठेवू. ती तर चालू आहे ना?"

कार्नाची हायब्रिड चालू होती की बंद, हे बघून कुणालाच सांगता आलं नसतं. ती अंगणाच्या कडेला गप्प उभी होती. खांदेकरी तिच्याकडे बघत होते, मग कार्नाकडे, मग आपापल्या बुटांकडे.

"नाही," कार्ना पुन्हा म्हणाली. "मी शब्द दिलाय."

शब्द दिला तो नोव्हेंबरात. आठवड्यातून तीनदा ती वडिलांना नव्वद मैलांवरच्या शहरात डायलिसिसला नेत होती. डिझेलमधून नेणं शक्य नव्हतं; ती इतकी हादरायची, की ऑर्लिनला हाडं मोजल्यासारखी कळायची. म्हणून हायब्रिड. एकदा परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला होता, "शेवटी मला माझ्या गाडीतून ने. कॅफेवरून ने. लोकांना आवाज ऐकू आला पाहिजे." मागण्यासारखं त्याने आयुष्यात तिच्याकडे एवढंच मागितलं होतं.

"मग काय करायचं?" पास्टरांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते. "शेजारच्या शेतावरून जनरेटर आणू या का?"

"जनरेटर आहे," कार्ना म्हणाली.

ती हायब्रिडमध्ये बसली आणि गाडी उलटी घेत घेत डिझेलच्या तोंडाशी नेऊन भिडवली. मग तिच्या हौद्यातलं एक झाकण उघडलं. आत गाडीच्याच विजेवर चालणारे चार प्लग होते. एकात तिने डिझेलची तार लावली.

अख्खं अंगण माना वाकवून प्लगांकडे बघायला लागलं.

"ऑर्लिनने हे बघितलं असतं..." खांदेकऱ्यांतला एक जण म्हणाला.

"तर आजच गेला असता," दुसरा म्हणाला.

एव्हाना बाहेर आलेली आर्लिस मावशी मात्र प्लग मोजत होती. "अजून तीन रिकामे आहेत ना गं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खिडकीतून पिवळी वायर ओढली. पाच मिनिटांत हॅम, कॉफी आणि मयताची गाडी असे तिन्ही एकाच ट्रकवर चालू लागले.

डिझेलला ऊब यायला तासभर तरी लागणार होता. उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून दफनानंतरचं जेवण दफनाआधी सुरू झालं. माणसं हॅमचे पाव घेऊन खिडकीशी आली आणि बाहेर बघत जेवू लागली. बाहेर पेटीजवळ फक्त कार्ना आणि काका राहिले. पेटीवर बर्फाचा बारीक भुगा जमत होता. कार्ना तो हाताने झाडत होती, पुन्हा जमत होता, पुन्हा झाडत होती.

"एक सांगू?" काका म्हणाले. "राग मानू नकोस. पण ऑर्लिनचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडचा रस्ता म्हणजे दोरी ताणल्यासारखा सरळ. चाळीस मैलांत एकदा ब्रेक लागत नाही. मग बॅटरी भरायची कशी? थंडीत हीटरसाठी इंजिन चालूच ठेवावं लागतं. मागे गुरांचा ट्रेलर जोडला, की पेट्रोलची बचत गेली. आणि बॅटरी गेली तर ट्रक विकून बॅटरी घ्यायची."

"सगळं खरंय."

"मग घेतलास कशाला?"

"काका, मी टपाल वाटते. प्रत्येक घराच्या टपालपेटीपाशी थांबते. दिवसभर ब्रेकच मारते मी."

काकांनी टोपी वर सरकवून कपाळ खाजवलं. हा मुद्दा त्यांच्या हिशोबात आला नव्हता. "हे त्याला सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं. म्हणाले, टपाल वाटायला गाढवही पुरतं."

काका हसले. मग हौद्यातल्या पेटीकडे बघून त्यांनी हसणं आवरलं.

तेवढ्यात इतका वेळ मुकी असलेली हायब्रिड आपली आपण गुरगुरली. बॅटरी उतरली, की तिचं इंजिन स्वतःच सुरू होई. काका दचकून एक पाऊल मागे झाले. थोड्या वेळाने ती पुन्हा गप्प झाली. कार्नाला ही सवय ठाऊक होती. तिला वेगळंच काही दिसत होतं. एका मशीनला नळीने जोडून घेतलेला, मान वळवून बसलेला, आपला या मशीनशी काही संबंध नाही असा चेहरा केलेला तिचा बाप. डिझेल अगदी तशीच उभी होती. तिने डिझेलच्या बॉनेटवर हात ठेवला. किंचित ऊब आली होती.

"आता बघा," ती म्हणाली.

काकांनी किल्ली फिरवली. डिझेल कण्हली, खोकली, थरथरली, आणि मग एक काळा लोट सोडून धडधडायला लागली. चर्चच्या खिडक्यांची तावदानं वाजली. तळघरातून तोंडात घास असलेली माणसं बाहेर धावली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि प्रसंग लक्षात येऊन थांबवल्या.

पुढे डिझेल, मागे हायब्रिड, त्यामागे गाव, अशी रांग निघाली. कॅफेवरून जाताना काकांनी गरज नसताना गाडीची रेस वाढवली. रस्त्याच्या कडेला एक परका ट्रकवाला आपली गाडी थांबवून, टोपी काढून उभा राहिला. कार्ना काच खाली करून तो आवाज ऐकत राहिली. हाताची बोटं बधिर झाली तरी तिने काच वर केली नाही.

दफनभूमीवर पास्टरांनी पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या, आणि थांबले. ओठ हलताना दिसत होते, पण कुणाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"व्हर्लिन," ते ओरडले, "जरा बंद करा ती!"

काकांनी भावाच्या पेटीकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. प्रार्थना झाली. पेटी खाली गेली. गोठलेल्या मातीची ढेकळं लाकडावर पडली, तो आवाज कार्नाला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. माणसं आपापल्या गाड्यांकडे वळली. काका डिझेलमध्ये बसले आणि किल्ली फिरवली.

काही झालं नाही.

"जोडू का परत?" कार्नाने विचारलं.

काका उतरले. त्यांनी दार हळूच लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं. "राहू दे आज इथेच," ते म्हणाले. "सोबत होईल त्याला."

म्हणून काका हायब्रिडमध्ये बसले. पहिल्यांदाच. टेकायला गेले आणि जवळजवळ उताणेच झाले. "अगं, ही सीट एवढी मागे का पाडली आहेस?"

कार्ना म्हणाली, "मी नाही पाडली. बाबांनी. मी नंतर हात नाही लावला." आणि मग, आता लपवायला कुणी उरलं नव्हतं म्हणून, तिने सांगून टाकलं. "डायलिसिसला जाताना कॅफे आला की ते आडवे व्हायचे. तुम्हा लोकांना दिसू नये म्हणून. ह्या गाडीत बसलेले."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"खिडकीतलं टेबल आमचंच ना. आठवड्यातून तीनदा तुझी गाडी जायची." काकांनी सीट थोडी वर घेतली, मग पुन्हा होती तिथेच ठेवली. "ताडमाड माणूस. कितीही आडवा झाला तरी त्याची ती नारिंगी टोपी काचेच्या वर राहायची. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बघितली. दुसऱ्या दिवसापासून तुझी गाडी दिसली की कपात बघायचो. न जाणो, त्याने मान वर केली तर."

कार्नाने गाडीचा वेग कमी केला. "पण तुम्ही तर शेवटपर्यंत माझ्या गाडीला नावं ठेवत होतात. त्यांच्यासमोर. सगळेच्या सगळे."

"मग काय करणार? एकदम गप्प झालो असतो तर त्याला कळलं नसतं का?"

गाडी आवाज न करता चालली होती. दोन्ही बाजूंना पांढरी रानं संध्याकाळच्या उजेडात निळी पडत होती.

"सीट आतून गरम होते वाटतं," काका म्हणाले.

"हो."

"वाईट नाही." त्या मुलखात याहून मोठी स्तुती कुणी कुणाची करत नाही. काकांना ते लगेच जाणवलं असावं, कारण त्यांनी घाईने पुढे जोडलं, "ओझं ओढायला काही खरं नाही. माणसं न्यायला ठीक आहे."

गाव आलं. कॅफे बंद होता. दिवे मालवलेले, दारावर 'चर्चला गेलो आहोत' अशी पाटी, खिडकीतल्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. बघायला आत चिटपाखरू नव्हतं. तरी खिडकी जवळ आली तसे व्हर्लिनकाका सीटवर खाली सरकले. गुडघे डॅशबोर्डला टेकले तेव्हा थांबले.

कार्नाने समोर रस्त्याकडे बघत गाडी अगदी सावकाश नेली.

"काका," ती म्हणाली, "टोपी."

काकांनी टोपी काढून छातीवर धरली.