लिफ्टकाकांची आकाशखुर्ची

आकाशाकडे मान वर करून पाहतो तो माणूस, आणि त्या पाहण्यामुळेच तो बाकी प्राण्यांपेक्षा मोठा झाला. लिफ्टकाकांची त्यामुळे फक्त मान धरली.

ती अशी धरली, की आठवडाभर त्यांना मान हलवून ‘नाही’ म्हणता येईना. काकूंनी तेवढ्यात घरातले बरेच रखडलेले निर्णय मार्गी लावून घेतले. उभी हयात लिफ्ट तपासण्यात गेल्यावर निवृत्तीत काकांना वर बघायचा नाद लागला होता, आणि तो सुटणार नव्हता. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, “पाठ हवी तेवढी मागे जाईल अशी खुर्ची बनवतो. पडल्या पडल्या तारे.”

“कशाची बनवणार?”

“गॅलरीतल्या सामानाची.”

“भंगाराची म्हणा की.” काकूंना त्या गॅलरीत कपडे वाळत घालायला मिळून किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नव्हतं. “रविवारी संध्याकाळी भंगारवाला यायचाय. तोवर खुर्ची चालली, तर सामान राहील. नाही चालली, तर गॅलरी रिकामी. साक्षीला भावोजींना बोलावते.”

भावोजी म्हणजे काकूंच्या बहिणीचे यजमान, काकांचे साडू. त्यांनी नुकतीच बटण दाबलं की मागे जाणारी खुर्ची विकत आणली होती आणि त्या बटणाचं कौतुक ते फोनवरही सांगत. काकांनी आव्हान स्वीकारलं.

मोडीत निघालेल्या गाडीची सीट, दवाखान्यातल्या खाटेची चाकं, व्यायामाच्या सायकलचा दांडा आणि स्कूटरचा ब्रेक यांचा संसार जमला. दांडा ओढला की पाठ मागे, सोडला की जागच्या जागी. पण काकांचा खरा जीव सुरक्षेत. एकदम हिसका बसला तर ब्रेक आपोआप लागणार, आणि बसणारा घसरू नये म्हणून दांडा पोटावर येऊन अडकणार. ब्रेक सोडायची कळ पाठीमागे, पत्र्याच्या डबीत. डबीला कुलूप.

“मग बसणाऱ्यानं उठायचं कसं?” काकूंनी विचारलं.

“बसणाऱ्याच्या हातात कळ द्यायचीच नसते. अडकलेला माणूस घाबरतो, नको तिथे हात घालतो. त्याला बाहेरच्यानं सोडवायचं. हा नियम आहे.”

“लिफ्टमध्ये.”

“सगळीकडेच.”

रविवारी संध्याकाळी गच्चीवर काका खुर्चीत बसले ते उद्घाटनाला आल्याच्या थाटात. दांडा ओढला. पाठ लोण्यासारखी मागे गेली. साडूंचा चेहरा किंचित उतरला.

“काय साडूभाऊ, आहे का तुमच्या बटणात ही मजा?” काका म्हणाले, आणि शिंकले.

काकांची शिंक इमारतीत प्रसिद्ध होती. खालच्या मजल्यावर ती ऐकू आली की लोक मांडणी पडली का ते बघत. खाटकन ब्रेक लागला. पाय वर, डोकं खाली आणि पोटावर दांडा अशा अवस्थेत काका आनंदानं ओरडले, “चालला! ब्रेक चालला! पाहिलंत?”

“पाहिलं. आता उठा,” काकू म्हणाल्या.

“किल्ली घे आणि कळ सोड.”

“कुठाय किल्ली?”

“मागच्या खिशात.”

साडूंनी वाकून पाहिलं. मागचा खिसा आणि जग यांच्या मध्ये सगळे काका होते. “धरून ओढू का?”

“खबरदार! ब्रेक लागलेला असताना प्रवाशाला ओढायचं नसतं.”

कुलूप हलवून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. काकांनी एकदा म्हटलं की म्हटलं. त्यांच्या सहीच्या भरवशावर इतकी माणसं इतकी वर्षं खालीवर जात होती.

तेवढ्यात खालून भंगारवाल्याची हाक आली.

“खुर्ची चालली नाही,” काकूंनी निकाल दिला. “चला भावोजी, गॅलरी दाखवू.”

“चालली नाही म्हणजे? नियमाप्रमाणे थांबली!”

“शांत राहा, मदत येत आहे,” जिन्यावरून काकू म्हणाल्या. काकांनी प्रत्येक लिफ्टमध्ये चिकटवलेलं वाक्य होतं ते.

काका आकाशाकडे तोंड करून पडून राहिले. खाली गाडीवर सामान आदळत होतं आणि त्यांना आवाजावरून एकेक जिन्नस ओळखू येत होता. तो मोटरचा. तो पंख्याच्या पात्यांचा. रेडिओचा खोका आदळला. त्याच क्षणी त्यांना सकाळचं काहीतरी आठवलं, आणि ते एकदम स्वस्थ झाले.

“झाली गॅलरी रिकामी,” काकू वर आल्या. “आता सांगा, दुसरी किल्ली आहे का?”

“आहे की. बिस्किटांच्या डब्यात.”

“डबा कुठाय?”

“गॅलरीत असतो.”

काकू कठड्याकडे धावल्या. गाडी कोपऱ्यावरून वळत होती. साडू हाका मारत जिने उतरले आणि बटणाच्या खुर्चीत बसून वाढवलेलं पोट सांभाळत गाडीमागे पळाले.

भंगारवाला परत आला तो वैतागून. “कुठल्या पोत्यात डबा आहे मला काय ठाऊक, ताई? शोधा तुमचं तुम्ही.” त्यानं सगळी पोती गॅलरीत रिकामी केली. “आणि पुन्हा भरायला मी काही येत नाही. माणूस वर अडकवून ठेवता आणि किल्ली भंगारात घालता!”

तो गेला. साडू जिन्यातच बसले. अंधारून येता येता काकू डबा घेऊन वर आल्या, खुर्चीमागे वाकल्या, आणि कुलपाला हात लावताच ते अलगद त्यांच्या हातात आलं.

“अहो, हे लावलेलंच नव्हतं! नुसतं अडकवलेलं होतं!”

“असं?”

कळीवर गेलेला काकूंचा हात तिथेच थांबला. “तुम्हाला कधी आठवलं हे?”

“ते जाऊ दे गं,” काका वरच बघत अत्यंत आत्मविश्वासानं म्हणाले. “तो बघ, लाल दिसतोय ना, तो मंगळ.”

काकूंनी वर पाहिलं. तो समोरच्या इमारतीच्या लिफ्टघरावरचा दिवा होता.