व्याह्यांना ब्राउझरबाहेरून निमंत्रण

जावास्क्रिप्ट ही प्रोग्राम लिहायची भाषा फक्त ब्राउझरमध्येच चालते, असं समजणाऱ्यांची मला कीव येते! मी धरमपेठेतला साधा कारकून. पण नोड नावाचं इंजिन घेऊन ती ब्राउझरच्या बाहेर, एका काळ्या खिडकीत कशी पळवायची, हे व्हिडिओ बघून शिकलो. भैरवीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या साखरपुड्याची निमंत्रणं धाडणारा प्रोग्रामच लिहिला. समोरून 'येतो' असं उत्तर येईपर्यंत तो दर दहा सेकंदांनी पुन्हा निमंत्रण धाडणार. आहे की नाही डोकं!

"व्याह्यांना तरी फोन करा," आमची मधुवंती म्हणाली. "आधीच रुसून बसले आहेत ते."

खरं होतं. पारशिवनीचे चंपतराव बैठकीला आले, तेव्हा आम्ही त्यांना भरीत आणखी हवं का, असं एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा 'नको' म्हणायची संधीच मिळाली नाही बिचाऱ्यांना! तेव्हापासून ते साखरपुड्याला येतात की नाही, याची घरात धास्ती होती.

"आग्रह माझा प्रोग्राम करेल!" मी छाती फुगवून म्हणालो.

सगळ्यांचे पटापट 'येतो' आले. चंपतरावांचं आलं, 'पाहू.'

आता मुलाचा बाप कधी पहिल्या फटक्यात 'येतो' म्हणतो का? पण हे प्रोग्रामला कोण सांगणार? त्यानं दुसरं निमंत्रण धाडलं. तिकडून आलं, 'पाहू म्हटलं ना!' तिसरं गेलं. मी घाईघाईनं ब्राउझर बंद केला. तरी चौथं गेलं! मग दुसरा ब्राउझर उघडला आणि तोही बंद केला.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?"

"बंद करून राहिलो!"

"मग हे काहून जाऊन राहिलं अजून?"

"बाबा!" भैरवी किंचाळली. "ते ब्राउझरच्या बाहेर चालू आहे ना!"

तिनं काळी खिडकी बंद केली, तोवर व्याह्यांच्या फोनवर निमंत्रणांचा खच पडला होता. लगेच फोन वाजला. चंपतरावच! मधुवंतीनं फोन माझ्या हातात कोंबला.

"श्रीधरराव," त्यांचा आवाज चक्क भरून आला होता, "मोठ्या पोराच्या सासऱ्यानं मले एकदा बोलावलं अन् मोकळा झाला. तुमचा तं हातच थांबून नाही राहिला, बाप्पा! एवढा आग्रह मले जन्मात कोणी केला नाही. येतो! साऱ्या भावकीले घेऊन येतो!"

मी असा फुललो की विचारू नका. साखरपुड्यात चंपतराव मला हाताला धरून पाहुण्यांमध्ये फिरवत होते. "ह्या माणसानं माह्यासाठी बोटं झिजवली!"

"अहो, बोटं कसली? मी तर ब्राउझरच्या बाहेर..."

मधुवंतीनं असा चिमटा काढला की पराक्रम घशातच राहिला.

"काय म्हणत होते?"

"काही नाही," मी म्हणालो, "अंगठा जरा ठणकतो."

त्यांनी लगेच बाम मागवला. आणि नागपुरातला हा थोर प्रोग्रामर भर हॉलमध्ये व्याह्याकडून धडधाकट अंगठा चोळून घेत बसला!