डिनरची नेहमीची वेळ

"यॉर्कशायर मी कोळून प्यायलोय!" लंडनजवळचं रीडिंग शहर सोडताना पद्माकर शेजवलकर बायकोला ऐटीत म्हणाले होते. टेकड्या, मेंढ्या, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरण्या, सगळं तोंडपाठ! ऑफिस लीड्सला हललं, म्हणून त्यांनी हडर्सफील्डजवळच्या खेड्यात घर घेतलं आणि नीनावहिनींना त्या बोचऱ्या वाऱ्यात आणून उभं केलं. रीडिंगला वहिनींचा केवढा गोतावळा! इथे खिडकीतून फक्त मेंढ्या दिसायच्या, आणि त्याही पाठमोऱ्या!

"अहो, दिवाळीपर्यंत बघते," वहिनींनी बजावलं. "मनमोकळं बोलायला एक माणूस मिळालं नाही, तर मी चालले रीडिंगला. तुम्ही बसा मेंढ्या राखत!"

वहिनी थट्टा करत नव्हत्या. पद्माकररावांचं धाबंच दणाणलं. त्यांनी लगोलग दगडी कुंपणावरून शेजारच्या ब्रायनला गाठलं आणि त्याला नि त्याच्या बायकोला, मॉरीनला, रविवारच्या डिनरचं आमंत्रण ठोकून दिलं.

"नेहमीच्याच वेळेला ना?" ब्रायनने विचारलं.

"अर्थात! नेहमीच्याच!"

आता डिनर म्हणजे रात्री आठ, यात विचारायचं काय? रविवारी दुपारी पनीर फ्रीजरमध्ये दगड होऊन पडलं होतं. वहिनी गाऊनवर खिचडी ढवळत होत्या. आणि यजमान? डोक्याला कलप थापून, वर सुपरमार्केटची पिशवी बांधून सोफ्यावर आडवे! बारा वाजता बेल वाजली. कुरिअरवाला असेल म्हणून पद्माकररावांनी तसंच दार उघडलं. समोर टाय लावलेला ब्रायन आणि फुलं घेतलेली मॉरीन!

"डिनर?" ब्रायन पिशवीकडे बघत म्हणाला.

"आत्ता?"

"इकडे डिनर दुपारीच असतं, लव्ह."

एका बाप्याने आपल्याला 'लव्ह' म्हटलं, याचा धक्का बसायलाही सवड नव्हती.

"अहो, काय करून ठेवलंत हे!" वहिनी स्वयंपाकघरातून दातओठ खात कुजबुजल्या. "दिवाळी कशाला, मी आजच बॅग भरते!"

शेवटी होतं तेच ताटात पडलं. खिचडी, पापड, कढी आणि आदल्या दिवशी केलेले गुलाबजाम. कढी बघून ब्रायनचा चेहरा खुलला. "ग्रेव्ही!" म्हणत त्याने खिचडीवर चार डाव ओतले. मग गुलाबजामकडे बोट. "हे काय?"

"पुडिंग," पद्माकररावांच्या तोंडून निघून गेलं.

झालं! इकडचं पुडिंग गोड नसतं, अंडी-मैद्याचा भाजलेला फुगीर वाडगाच तो. यॉर्कशायरच्या माणसाला पुडिंग म्हटलं की त्यावर ग्रेव्ही हवीच! पद्माकरराव "अहो, नको, नको!" म्हणेपर्यंत गुलाबजाम कढीत गटांगळ्या खाऊ लागले. ब्रायनने एक तोंडात टाकला. सावकाश चावला.

"नॉट बॅड," तो म्हणाला आणि दुसरा उचलला.

इकडे याहून मोठी दाद मिळत नाही, एवढं मात्र पद्माकररावांना खरंच ठाऊक होतं. वहिनींना हसू फुटलं. तेवढ्यात पिशवीतून कलपाचा ओघळ पद्माकररावांच्या नाकावर उतरला आणि मॉरीनलाही आवरेना. दोघी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. निघताना मॉरीनने मंगळवारी संध्याकाळी टीला बोलावलं, वहिनींचा नंबरही घेतला.

"टी म्हणजे चहा-बिस्किट," पद्माकररावांनी मंगळवारी जाहीर केलं आणि निघण्यापूर्वी लोणच्याशी चार पराठे हाणले. वहिनींनी मात्र घासही घेतला नाही.

ब्रायनकडे टेबलावर भाजलेल्या बटाट्यांचा ढीग, गाजरं, मटार, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात ताटाएवढं यॉर्कशायर पुडिंग!

"अगं, हे तर जेवण!"

"मग? इकडे संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात," वहिनी ताट पुढे ओढत म्हणाल्या. "मॉरीनने कालच फोनवर सांगितलं."

"मग मला नाही सांगायचं?"

"तुम्ही यॉर्कशायर कोळून प्यायलात ना!" वहिनी गालातल्या गालात हसल्या. "असू दे. आता इथेच राहायचंय, शिकाल हळूहळू."

पद्माकररावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ब्रायनने त्यांच्या पुडिंगमध्ये काठोकाठ ग्रेव्ही ओतली.